मय्यतीतलं गाळलेलं वाक्य

साबितूनबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही. पण जे योग्य होते त्यातले निम्मे न्यूयॉर्कला गेले, काही अल्लाला प्यारे झाले, आणि आज गावात जे उरलेत त्यांना ती फक्त ‘कोर्टवाली’ म्हणून ठाऊक आहे. त्यामुळे हे काम माझ्याच गळ्यात पडलं आहे. पडायलाच हवं होतं.

मी या गावचा मियाजी. मशिदीचा इमाम, पण त्यावर पोट भरत नाही, म्हणून शनिवार ते गुरुवार खांबांवर उभ्या असलेल्या घराखाली खुर्ची टाकून लोकांचे केस कापतो आणि शुक्रवारी त्याच डोक्यांपुढे उभा राहून नमाज पढवतो. आमच्या गावाला नाव नाही, नंबर आहे. एका अंगाला समुद्राचा बांध, दुसऱ्या अंगाला भातखाचरं, मधून राजधानीला, जॉर्जटाउनला जाणारा एकच डांबरी रस्ता. नाव गावाला नसलं तरी माणसांना मात्र दोन-दोन असतात. साबितूनच्या बापाचं खरं नाव मोहम्मद याकूब, पण त्याला सगळे इंजिन याकूब म्हणत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ‘याचं चौथं सिलिंडर गेलं’ असं हातातला घास न ठेवता सांगायचा, आणि चौथंच गेलेलं असायचं.

साबितून सात वर्षांची असताना तिची आई गेली. याकूबने दुसरं लग्न केलं नाही. शाळेतून सुटली की पोरगी थेट बापाकडे, हाजी बक्शच्या भातगिरणीत जायची आणि कोंड्याच्या पोत्यांवर बसून अभ्यास करायची. तिची वेणीही तोच घालायचा, ग्रीस लागलेल्या हातांनी. शाळेतल्या मिसने एकदा चिठ्ठी पाठवली की मुलीच्या रिबिनींना डिझेलचा वास येतो. याकूबने उलट निरोप धाडला, ‘मिस, तिच्या बापालाही येतो.’

मोठी झाल्यावर ती शिवणकाम करू लागली. हात बापाचा, जीभ मात्र तिची स्वतःची. माझी बायको एकदा तक्रार घेऊन गेली की ब्लाउज पहिल्याच धुण्यात आटला. साबितून म्हणाली, “चाची, ब्लाउज होता तेवढाच आहे. तुम्ही वाढलात.” तिचं लग्नही झालं होतं. नवरा सहा महिन्यांच्या कामासाठी नदीपलीकडे सुरिनामला गेला, त्या सहा महिन्यांना आता पंचवीस वर्षं होतील. कोणी खोचकपणे विचारलं तर म्हणायची, “त्याच्या पँटचं माप आहे माझ्या वहीत. कोणाला दिसला तर सांगा, एक शिवून पाठवते.” असं म्हणून हसायची आणि मशीन जोरात मारायची.

हाजी बक्शची गिरणी होती आणि शेजारी पत्रे, लाकूड, सिमेंटचं दुकान. मशिदीतला गालिचा त्याचा, भोंगा त्याचा, पंखे त्याचे. मी त्याच्याबद्दल वाईट बोलायला बसलेलो नाही, माझ्याबद्दल बोलायचं आहे ते पुढे येईलच. त्याच्या गिरणीचं इंजिन जुनं झालं होतं, आणि सलग दोन हंगाम याकूबने ते, मजुरीचं नाव न काढता, जवळजवळ हातांनी ओढून चालवलं. गिरणीतच झोपायचा, साबितून डबा नेऊन द्यायची. त्यानंतरच्या वर्षी याकूबच्या घराचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा हाजीचा ट्रक आला आणि पत्रे, फळ्या, खिळे उतरवून गेला. कागद ना पावती. आमच्याकडे ओळखीच्या माणसाकडून कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं.

वर्षभराने एका दुपारी डाळपुरी खाऊन याकूब खांबांना बांधलेल्या झोळण्यात आडवा झाला तो उठलाच नाही.

आता ते वाक्य. मय्यत उचलायच्या आधी, घराच्या अंगणातच, भोंग्यावर, सगळ्या बायाबापड्यांसमोर इमामाने ते म्हणायचं असतं. माझ्या आधीच्या मियाजीने म्हटलं, त्याच्या आधीच्याने म्हटलं. ‘या माणसाने कोणाचं देणं ठेवलं असेल तर त्याने अमक्याकडे यावं, तो फेडेल. कोणाचं मन दुखावलं असेल तर त्याने माफ करावं.’ देणं राहिलं तर मेलेल्याची रूह, त्याचा आत्मा, अडकून पडते, वर जात नाही, असं आम्ही मानतो. पुस्तकं शिकलेलेही मानतात आणि माझ्यासारखेही. म्हणून हे वाक्य म्हटल्याशिवाय आमच्याकडे कोणाची मय्यत हलत नसे.

मी साबितूनला हळूच विचारलं, “नाव कोणाचं घेऊ?” सहसा मुलाचं घेतात, नाहीतर भावाचं.

“माझं घ्या. दुसरं आहे कोण?”

एक म्हातारे चाचा पुटपुटले, भोंग्यावर बाईचं नाव बरं दिसत नाही. तिने ऐकलं. “चाचा, शेवटी अब्बांना पाणी पाजलं ते मी. तेव्हा कोणी पुरुष शोधला नव्हता.” मी तिचं नाव घेतलं. ‘त्याने त्याची मुलगी साबितून हिच्याकडे यावं, ती फेडेल.’ शब्द अन् शब्द मला आठवतो, कारण पुढे तो मला शपथेवर सांगावा लागला.

लोक आले. शेजारचा जोखन याकूबचा पाना परत करायला आला, वर म्हणाला, “बेटी, देणं माझंच होतं.” एक मासेवाली दोनशे डॉलर, आमच्याकडे एका वेळच्या मासळीचे पैसे, सांगत आली. साबितूनने पैसे दिले, चहा दिला, आणि ती गेल्यावर मला म्हणाली, “अब्बा मासे रोख घ्यायचे. पण असू दे. दोनशेला रूह कशाला टांगून ठेवायची?”

चाळिसावा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हाजीच्या दुकानातला माणूस बिल घेऊन आला. पत्रे, फळ्या, खिळे. नव्वद हजार डॉलर. त्या वेळी आमच्या शाळामास्तराचा तीन महिन्यांचा पगार होता तो.

ती तशीच टेप गळ्यात अडकवून दुकानात गेली. मी तिथे ब्लेडचं पाकीट घ्यायला उभा होतो, त्यामुळे हे सगळं माझ्यादेखत झालं.

“हाजीचाचा, हे काय?”

“तुझ्या छपराचं बिल, बेटी. तूच म्हणालीस ना, या म्हणून. आलो.”

“आणि दोन हंगाम अब्बा तुमच्या गिरणीत राबले ते?”

“त्याचं बिल आण. मी फेडतो.”

दुकानातला माणूस फिसकन हसला. साबितूनने ते बिल घडी करून काउंटरवर ठेवलं आणि निघून आली. दोन महिन्यांनी कोर्टाचा कागद आला.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. जवळच्या न्यू ॲम्स्टरडॅम शहरातल्या वकिलाने तीस हजार सांगितले होते. “नव्वद वाचवायला तीस घालू? त्यापेक्षा मीच उभी राहते,” ती म्हणाली. मी समजूतदारपणा दाखवला. माझ्यासारख्यांना तो फार लवकर सुचतो. म्हटलं, “बेटी, हप्त्याने देऊन टाक. निदान बापाची रूह तरी मोकळी होईल.”

“मियाजी, दिले तर अब्बा कर्जदार ठरले. जो माणूस उसना खिळा परत करायचा, तो कर्जात मेला असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? पैशाचं मला काही नाही. त्या कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटबाईच्या तोंडून मला एवढंच ऐकायचंय, याकूबचं कोणाचं देणं नव्हतं. बस.”

कोर्ट म्हणजे लाकडी इमारतीचा वरचा मजला, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. मॅजिस्ट्रेट मिस ग्रेनव्हिल नावाची तरुण बाई, राजधानीहून आलेली. हाजीकडून पर्साद वकील. साबितून निळा फ्रॉक घालून, पांढरी ओढणी घेऊन एकटी उभी. आमचं निम्मं गाव मागच्या बाकांवर. कामधंदा सोडून आले होते, चेहरे मात्र असे की कोणी बळजबरीने बसवलं आहे.

हाजीने कुराणावर हात ठेवला. सामान दिलं, तो म्हणाला, आणि त्याचे पैसे मिळाले नाहीत. यात एक शब्द खोटा नव्हता. मला अजून तेच खुपतं.

मॅजिस्ट्रेट साबितूनला म्हणाली, “तुम्हाला यांना काही विचारायचं असेल तर विचारा.”

“हाजीचाचा, इंजिन बंद पडायचं तेव्हा गिरणीत कोण झोपायचं?”

“याकूब यायचा कधीमधी. त्याला इंजिनांचा नादच होता.” मागे हशा पिकला.

“कधीमधी? डबा मी आणायचे, रोज.”

“तू चांगली मुलगी आहेस, बेटी. त्याबद्दल वाद नाही.”

“किती दिलेत त्यांना?”

“त्याने मागितले कधी?”

बरोबरच आहे, याकूबने कधी मागितलेच नव्हते. साबितूनने ओढणी डोक्यावर ओढली. मग म्हणाली, “मॅडम, माझं झालं.”

मग मला बोलावलं, हाजीचा साक्षीदार म्हणून. पर्सादने विचारलं, “मियाजी, याकूबच्या मय्यतीत तुम्ही काय जाहीर केलंत?”

मी वाक्य म्हणून दाखवलं.

“ती फेडेल, असे शब्द होते?”

“होते.”

“तिच्या सांगण्यावरून?”

“हो.”

पर्साद समाधानाने खाली बसला. मॅजिस्ट्रेटने पेन ठेवलं. “हे तुम्ही प्रत्येकाच्या वेळी म्हणता?”

“हो मॅडम. वीस वर्षं.”

“आणि लोक खरंच मागायला येतात?”

“एकदा एक जण कोंबडीचे पैसे मागायला आला होता.”

“बिल घेऊन?”

“नाही मॅडम. बिल हे पहिलंच.”

तिने साबितूनकडे बघितलं. “यांना काही विचारायचंय?”

साबितूनने मान हलवली. “यांना काय विचारायचं? हे मियाजी आहेत. खोटं बोलणार नाहीत.”

आणि मी पायरी उतरून तिसऱ्या बाकावर जाऊन बसलो. खोटं मी बोललोच नव्हतो. मला जे विचारलं नाही ते असं होतं. छप्पर झालं त्या वर्षीच्या रमझानात, ईदच्या आदल्या दिवशी, हाजी बक्श माझ्या खुर्चीत केस कापून घेत बसला होता. मी मानेवर वस्तरा फिरवत असताना तो आपणहून म्हणाला, “त्या याकूबचं छप्पर करून दिलं एकदाचं. दोन हंगाम राबला बिचारा, तोंडाने काही मागत नाही. म्हटलं, पत्रे-फळ्या घे, फिटंफाट.” मी म्हणालो, “माशाल्ला, हाजी.” आणि त्याच्या कानामागचे केस झटकले.

एवढं एक वाक्य. ते मी कोर्टात बोलायला हवं होतं. पण त्या महिन्यात मशिदीचा वजूचा, नमाजाआधी हातपाय धुण्याचा, हौद बांधायला काढला होता आणि हाजीची साठ पोती सिमेंट आवारात येऊन पडली होती. मी स्वतःला सांगितलं, विचारलं तर सांगेन. कोणी विचारलं नाही. मला किती सोयीचं झालं ते मलाच माहीत.

मिस ग्रेनव्हिलने तिथेच निकाल दिला. “दुसऱ्याचं देणं आपल्या अंगावर घ्यायचं तर ते लेखी लागतं. मय्यतीत बोललेल्या चार शब्दांवर मी कोणाकडून नव्वद हजार वसूल करणार नाही. शिवाय देणं होतं याचाच पुरावा नाही. बिल आपल्याच दुकानात मागाहून लिहिलेलं, त्यावर घेणाऱ्याची सही नाही. दावा फेटाळला.”

पर्साद कागद गोळा करायला लागला. साबितून जागची हलली नाही.

“मॅडम, म्हणजे माझ्या बापाचं देणं नव्हतं, असंच ना?”

“म्हणजे ते सिद्ध झालं नाही.”

“नव्हतं, असं लिहा की मग.”

“ते मला कसं माहीत असणार, बाई? मजुरीत फिटलं असं तुम्ही म्हणता. त्याचाही पुरावा नाही.”

“मग?”

“मग तुम्ही जिंकलात. घरी जा.”

मागच्या बाकांवर पुन्हा हशा झाला. साबितून कठड्याला धरून उभी होती आणि शिपाई तिला हाताने बाजूला व्हायची खूण करत होता. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं. मी उठलो असतो, नुसता हात वर केला असता, तरी ती बाई थांबली असती असं मला आजही वाटतं. मी टोपी सारखी केली.

खाली जिन्याशी हाजीने तिला गाठलं. आवाज न चढवता म्हणाला, “कोर्टात सुटलीस. मी नाही सोडलेलं. कयामतीच्या दिवशी तुझ्या बापाची कॉलर धरून घेईन.” आणि गाडीत बसला.

त्यानंतर गावाने तिचं काय केलं ते सांगायला लाज वाटते. तोंडावर कोणी काही बोललं नाही. लग्नाचे कपडे दुसरीकडे जायला लागले, इतकंच. ‘बापाच्या मय्यतीत कबूल केलं आणि कोर्टात फिरली’, हे बायका कुजबुजत, आणि पुरुष माझ्या खुर्चीत बसून मोठ्याने म्हणत. मी कात्री चालवत राहिलो. तिच्याकडे शाळेचे गणवेश तेवढे उरले, कारण ते स्वस्त शिवून द्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. शुक्रवारी ती याकूबच्या कबरीवर जायची आणि बराच वेळ उभी राहायची. एकदा मी सलाम केला तर म्हणाली, “विचारत होते अब्बांना, अडकलात का म्हणून. बोलत नाहीत. मागायची सवय नाही ना त्यांना.”

चार वर्षांनी हाजी बक्श वारला. सकाळी त्याचा मुलगा शफीक माझ्याकडे आला. “मियाजी, ते देण्याघेण्याचं वाक्य आज नको. वकिलाने बजावलंय. एवढी गिरणी, एवढं दुकान, उद्या कोणीही उठेल आणि दारात उभं राहील. लोक कसे असतात ते तुम्ही पाहिलंच आहे.”

पाहिलं होतं. मी म्हणालो, “जशी तुमची मर्जी.” हौद झाला होता, आता मशिदीचं छप्पर व्हायचं होतं.

साबितूनही मय्यतीला आली. कोणालाच ती येईल असं वाटलं नव्हतं. बायकांमधून वाट काढत ती सगळ्यांच्या पुढे, अगदी बायका-पुरुषांमध्ये बांधलेल्या दोरीपाशी येऊन उभी राहिली. मी दुवा केली. आमीन झालं. मी खांदेकऱ्यांना खूण केली.

“मियाजी,” तिचा आवाज आला, “एक वाक्य राहिलं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शफीक जमिनीकडे बघत होता.

“मियाजी, विसरलात तुम्ही. कोणाचं देणं असेल तर... म्हणा ना. मला बोलायचंय. दोन हंगामांची मजुरी आणि एक छप्पर. वळतं करून घेऊ म्हणते, सगळ्यांसमोर. वरचं जे निघेल ते माफ. शफीकभाई, माझ्याही बापाला सोडा, तुमच्याही बापाला सुटू दे.”

मी म्हणालो, “उचला.” त्यांनी उचललं.

दुपारी मी तिच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. राहवलं नाही, एवढंच. ती गणवेशाच्या बाह्या जोडत होती. मी दारातच उभा राहून खुर्चीतली ती गोष्ट सांगून टाकली, हाजीच्या शब्दांत, फिटंफाटसकट. मशीन थांबलं नाही. बाही पूर्ण झाल्यावर तिने दोरा दाताने तोडला.

“केव्हा म्हणाले होते?”

“छप्पर झालं त्या रमझानात.”

“म्हणजे कोर्टाच्या आधी.”

“हो.”

“आणि मी म्हटलं, यांना काय विचारायचं.” ती हसली. तसं हसणं मला पुन्हा कोणाच्या तोंडावर बघायचं नाही.

तिने मापांच्या वहीतलं एक पान फाडलं आणि पेन्सिल बाजूला सारून पेन दिलं. “लिहा.” मी लिहिलं, हाजी बक्शने माझ्यासमोर असं असं म्हटलं होतं. “पुढे लिहा, हे मला कोर्टाच्या दिवशी माहीत होतं.” मी लिहिलं. “मी सांगितलं नाही.” तेही लिहिलं. “तारीख घाला. सही करा.” मी सही केली. तिने पान सावकाश वाचलं, घडी घातली आणि याकूबच्या कुराणात ठेवलं.

“आता लेखी आहे,” ती म्हणाली. “जा मियाजी. सोमवारपर्यंत अठरा गणवेश द्यायचेत मला.”

मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशी ते पान गावभर फिरेल. मशिदीच्या दारावर लागेल. मला ते चाललंही असतं, निदान एकदाचं संपलं असतं. तिने ते कोणाला दाखवलं नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली. रस्त्यात भेटली की सलाम करते, बायकोची चौकशी करते. कागदाचं नाव काढत नाही.

ते वाक्य आमच्या गावात आता कोणी म्हणत नाही. हाजीच्या मय्यतीत नाही म्हटलं, मग दुसऱ्यांनीही नको म्हटलं, आणि मीच पहिल्यांदा गाळलं असल्यामुळे कोणाला सक्ती करायला मला तोंड उरलं नाही. मागच्या महिन्यात डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो काढून बराच वेळ खिडकीकडे धरला. त्या दिवशी मी मुलाला बसवून सांगितलं की माझ्या मय्यतीत ते वाक्य म्हणायचं, भोंग्यावर, पूर्ण.

“अब्बा, आता कुठे कोणी म्हणतं? आणि खरंच कोणी आलं मागायला तर?”

“एकच बाई येईल,” मी म्हटलं. “तिच्याकडे कागद असेल. वाद घालू नकोस, सही माझी आहे.”